निकट संपर्क

यादीतलं बासष्टावं नाव अभिमननं स्वतःचं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपलं अक्षर जराही हललेलं नाही. वरच्या एकसष्ट नावांसारखंच ते उभं, सुटं, स्वच्छ होतं. बोरसे अभिमन झुंबर, वय सदतीस, वनस्पतिशास्त्र, तासिका तत्त्वावर. समोर क्षयरोग विभागाचा कुंदन हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला होता, ‘‘नुसती पोरांची नको सर, शिकवणाऱ्यांची पण लिहा. बंद खोलीत तासभर तिच्याबरोबर जो जो बसला तो निकट संपर्क.’’ तिच्याबरोबर म्हणजे शीतल पावराबरोबर. द्वितीय वर्ष, पहिला बाक, मुलींचं वसतिगृह. शनिवारी तिच्या बेडक्याचा रिपोर्ट आला होता आणि सोमवारी सकाळी प्राचार्यांनी वर्गशिक्षक म्हणून अभिमनला बोलावून यादी करायला सांगितली होती. त्यानं हजेरीपट काढला आणि लिहायला बसला. मधेच शिपायानं चहा आणला, तो त्यानं घेतला. चहाला चव होती. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटलं. हात गार पडायला हवेत, निदान तोंड कोरडं पडायला हवं. पण तसं काहीच होत नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर तो पाय आपला नाही असं वाटतं, तसं सगळं अंग त्याला वाटत होतं, आणि त्या अंगानं तो व्यवस्थित बसला होता.

मग प्रश्न सुरू झाले. वनस्पतिशास्त्र विभागातले चौघे एकामागून एक खुर्चीत बसले, वजनकाट्यावर उभे राहिले. विभागप्रमुख बाई हसत म्हणाल्या की माझं वजन मोठ्यानं सांगू नका. कुंदन सगळ्यांना तेच विचारत होता, न कंटाळता. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? संध्याकाळचा ताप? वजन घटलं? पूर्वी कधी टीबीचं औषध घेतलं? ज्यांचं उत्तर ‘हो’ त्यांचा एक्स-रे काढायचा. अभिमननं पहिल्याला नाही म्हटलं, ते आज तरी खरं होतं. खोकला सप्टेंबरातच थांबला होता. दुसऱ्याला नाही, तेही खरं. तिसऱ्याला नाही. चौथ्याला नाही. सकाळीच, साडेसात वाजता, मेहरूण भागातल्या घरी उपाशीपोटी त्यानं पट्टीतल्या गोळ्या गिळल्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी लाल झालेली लघवी इथल्या स्टाफच्या संडासात दोनदा पाणी टाकून घालवली होती. कुंदननं त्याच्या नावापुढे चार बारीक रेघा मारल्या. ‘‘झालं सर. तुम्ही मोकळे.’’

तो मोकळा झाला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मागे बाकीचे बोलत होते. एकजण म्हणाला, ‘‘ही पोरं वरूनच घेऊन येतात. सुट्टीला पाड्यावर जातात, परत येताना हे असं.’’ वर म्हणजे यावलच्या वर, सातपुड्यात. दुसरा म्हणाला की हॉस्टेलवर घेतानाच तपासणी करायला पाहिजे. कुणी वाईट बोलत नव्हतं. हळहळतच बोलत होते. हुशार पोरगी हो, असं बाईसुद्धा म्हणाल्या. आणि अभिमनला तिची मान दिसली. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. शीतल डावा डोळा लावायची आणि उजवा हातानं झाकायची. त्यानं जुलैत तिला शिकवलं होतं की दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, दुसऱ्या डोळ्याला दिसणारं मन हळूहळू सोडून देतं. तिला काचपट्टी नीट दिसावी म्हणून तो तिच्या खांद्यावरून वाकला होता आणि त्याला खोकला आला होता. तोंडावर हात नेईपर्यंत उशीर झाला होता. नेत्रभिंगावर वाफ धरली. ‘‘सॉरी,’’ तो म्हणाला. आणि शीतलनं, सरांना वाईट वाटू नये म्हणून, ते भिंग जणू धूळच बसली होती अशा बेतानं ओढणीच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा डोळा लावला. हे एकदाच झालं होतं असं नाही.

तेव्हा त्याला माहीत नव्हतं, हे खरं. हायवेच्या रुंदीकरणाची धूळ आहे, ॲलर्जी आहे, असं म्हणून त्यानं मेडिकलमधून खोकल्याच्या बाटल्या आणल्या आणि जून-जुलै काढला. ऑगस्टमध्ये बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तेव्हा तो जळगावात कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही. दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी विद्यार्थी भेटेलच. तो एसटीनं धुळ्याला गेला. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला आणि विचारलं, काय करता? त्यानं सांगितलं, शेती. पत्ता पारोळ्याचा दिला, आईचा. सरकारी नोंद तिकडे गेली. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस घरात थांबा, माणसांत जाऊ नका, मग काही भीती नाही. तो तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी फळ्यासमोर उभा होता. सप्टेंबरात कायम जागेची मुलाखत होणार होती. बारा वर्षं दर जूनला नव्यानं नेमणूक मागून झाल्यावर त्या जागेचा विचार त्याच्या अंगात घामासारखा मुरला होता, आणि कमिटीत बसणाऱ्यांपैकी दोघे याच स्टाफरूममध्ये डबा खात. ती मुलाखत झालीच नाही. पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. पण पंधरांतले ते उरलेले बारा दिवस होऊन गेले. जून-जुलैला तो अजाण होता. त्या बारा दिवसांना मात्र तो अजाण नव्हता. आणि त्या बारा दिवसांतली तीन प्रात्यक्षिकं शीतलच्या बॅचची होती.

दुपारी प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. कुंदन तिथेच होता आणि समजावून थकला होता. ‘‘सर, औषध सुरू झालंय तिचं. दोन-तीन आठवडे वेगळी खोली द्या, मास्क लावू द्या, मग ती वर्गात बसू शकते. घरी पाठवायची काही गरज नाही. तिच्या पाड्यावर औषध पोचवायचं म्हणजे आमचीच पंचाईत.’’ प्राचार्य हात जोडूनच बोलत. ‘‘मला कळतंय हो. पण सकाळपासून अकरा पालकांचे फोन आले. दोन मुली सामान घेऊन गेल्यासुद्धा. उपचार पूर्ण होईपर्यंत तिला घरी राहू द्या. वर्ष पुढे करता येईल.’’ उपचार पूर्ण म्हणजे सहा महिने. सहा महिने म्हणजे परीक्षा गेली, आणि एकदा पाड्यावर राहिलेली एकोणीस वर्षांची मुलगी पुढच्या जूनला परत येईल की नाही, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. ‘‘बोरसे सर, तुमचं मराठी चांगलं आहे. वडिलांच्या नावानं पत्र करा.’’ आणि अभिमननं पत्र केलं. ‘इतर विद्यार्थिनींच्या हिताच्या दृष्टीने’ असं लिहिताना त्यानं एक क्षण थांबून ‘विद्यार्थिनींच्या’ यातली वेलांटी तपासली. प्राचार्यांनी सही केली. उद्या वडील येतील, म्हणाले, वर्गशिक्षक म्हणून तुम्ही जरा गाडीत बसवून द्या, बरं दिसतं.

संध्याकाळी घरी मोहिनी मेथी निवडत बसली होती. ऑगस्टपासून तीच त्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती, तीच रिकाम्या पट्ट्या कात्रीनं बारीक कापून वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाकत होती. तिची स्वतःची तपासणी दोनदा झाली होती, धुळ्यालाच. तिला काही निघालं नव्हतं.

‘‘शीतलला निघालाय,’’ तो म्हणाला.

‘‘कोण शीतल?’’

‘‘पहिल्या बाकावरची. पावरा.’’

मोहिनीची बोटं काड्या खुडत राहिली. ती म्हणाली, ‘‘तुमच्यापासूनच झाला, हे कशावरून?’’

‘‘कशावरूनही नाही.’’

‘‘मग? एसटीत झाला असेल. पाड्यावर झाला असेल. आपल्याकडे काय कमी लोक खोकतात?’’

‘‘हो.’’

‘‘हो काय? मी विचारते ते सांगा ना नीट.’’

‘‘मी नीटच सांगतोय. कशावरूनही नाही. उद्या तिला घरी पाठवतायत. पत्र मी लिहिलं.’’

तेव्हा ती थांबली. तिनं निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकच करून टाकली, मग ते लक्षात येऊन पुन्हा वेगळी करू लागली. ‘‘तुम्हाला काय करायचं ते करा,’’ ती म्हणाली, ‘‘पण मला विचारून करू नका. मी हो म्हणणार नाही, आणि नाही म्हणाले तर जन्मभर ते माझ्यावर राहील.’’ तेवढ्यात पारोळ्याहून आईचा फोन आला. आई रोज याच वेळी करायची. ‘‘जेवना का रे भाऊ? आवाज असा कसा शे तुना?’’ तो म्हणाला, बरा शे, सर्दी शे जराशी. आईला त्यानं सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिच्या डोळ्यांपुढे झुलालनाना उभे राहिले असते, बापाचे धाकटे भाऊ. अभिमन सहावीत असताना नानांना हाच आजार झाला होता. त्यांना मळ्यातल्या खोलीत ठेवलं. ते वर्षभरात खडखडीत बरे झाले, सरकारी डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, आणि त्यानंतर बावीस वर्षं जगले. पण कुठल्याही लग्नात नाना पंगतीच्या अगदी शेवटी, मधे दोन माणसांची जागा सोडून बसत आणि आपली पत्रावळ आपणच दुमडून उचलून नेत. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी त्यांना ‘इकडे सरका’ असंही म्हटलं नव्हतं. अभिमनला आता वाटलं की आपण घाबरलो ते मरणाला नाहीच. त्या दोन माणसांच्या जागेला घाबरलो. वाटलं, म्हणजे हा विचार मनात आला. भीती मात्र आली नाही. भीतीची आठवण आली, एवढंच. जेवून तो झोपला आणि त्याला झोप लागली, याचंच त्याला सकाळी नवल वाटलं.

सिंगा पावरा सकाळी नवाच्या एसटीनं आले. बुटके, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. प्राचार्यांच्या खोलीत ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि पत्र त्यांना वाचून दाखवलं तेव्हा प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिले. ‘‘बरं साहेब,’’ म्हणाले. शीतल बाहेर पायरीवर बसली होती, तोंडाला मास्क, शेजारी पत्र्याची पेटी आणि पुस्तकांची पिशवी. ती रडलेली नव्हती. वसतिगृहाच्या गॅलरीत मुली उभ्या होत्या, पण कुणी खाली आली नाही. एकीनं हात वर केला आणि मग तो केसांकडे नेला. रिक्षात अभिमन पुढे बसला, बापलेक मागे. सगळा रस्ता मागे दोघं त्यांच्या बोलीत थोडंथोडं बोलत होते, त्यातलं त्याला फक्त ‘कॉलेज’ आणि ‘परीक्षा’ कळत होतं.

यावलच्या गाडीला अर्धा तास होता. स्टँडवर केळीचे घड घेऊन बसलेल्या बाया होत्या, स्पीकरवर चोपड्याची गाडी पुकारत होते. सिंगांनी टॉवेल सोडून बाकावर आधी सरांसाठी जागा पुसली. ‘‘बसा सर. तुम्ही लई केलं पोरीसाठी. ती सांगे घरी, आमचे बोरसे सर लई समजावून सांगता.’’ अभिमन बसला नाही. काही ठरवलं होतं असं नाही. तोंड उघडलं तेव्हा आपण आता काय बोलणार आहोत हे त्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं, आणि जे निघालं ते हजेरी घेतल्यासारख्या आवाजात निघालं.

‘‘मला पण टीबी आहे. अजून औषध चालू आहे. कॉलेजात कोणाला माहीत नाही.’’

सिंगांनी त्याच्याकडे वर पाहिलं. ‘‘तुम्हाले बी व्हता? हाच आजार?’’

‘‘हाच.’’

‘‘अन आता?’’

‘‘आता बरा आहे. खोकला गेला. वजन वाढलं.’’

आणि सिंगांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याचा हातच धरला, दोन्ही हातांनी. ‘‘मंग तिले बी बरं होईन!’’ ते वळून मुलीला त्यांच्या बोलीत भराभर सांगू लागले. अभिमनकडे बोट दाखवत, त्याचे दंड, त्याची छाती दाखवत, बघ, सर बघ, कसे उभे आहेत. सकाळपासून हा माणूस पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होता. अभिमनचा हात त्यांच्या हातात तसाच राहिला. काढून घ्यावा की राहू द्यावा हे त्याला कळेना. हेही मला दिलं जातंय, त्याला वाटलं. आणि मी ते घेतोय.

शीतल बापाकडे बघत नव्हती. मास्कच्या वर तिचे डोळे होते आणि ते अभिमनवर होते.

‘‘सर, कधीपासून?’’

‘‘ऑगस्टपासून औषध घेतोय.’’

‘‘औषध नाही. खोकला.’’

‘‘जूनपासून.’’

तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकला. जून, जुलै, ऑगस्ट. ऑगस्टवर तो थांबला. ‘‘म्हणजे प्रॅक्टिकलला,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘औषध सुरू झाल्यावर तुम्हाला घरी राहायला सांगितलं नव्हतं का? मला सांगितलं.’’

‘‘सांगितलं होतं. पंधरा दिवस. मी तीनच दिवस राहिलो.’’

बापाला हे संथ मराठी समजत होतं की नाही कोण जाणे. तो अजून हसत होता, एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत. गाडी लागली. अभिमननं पेटी उचलायला हात पुढे केला तर शीतलनं ती आधीच उचलली होती. ‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. खिडकीतून सिंगांनी हात जोडले. तिनं जोडले नाहीत. ती पलीकडच्या बाजूला बघत बसली होती. गाडी वळून गेल्यावर तो बाकावर बसला, पुसलेल्या जागेवर, आणि त्याच्या लक्षात आलं की आपला डावा हात आपण उजव्या हातानं गच्च धरून ठेवलाय. किती वेळ, ते कळलं नाही.

तिथून तो कॉलेजात गेला नाही. क्षयरोग विभागाच्या इमारतीत गेला. कुंदन जिन्याखालच्या टेबलावर औषधांची खोकी मांडत होता. अभिमननं सगळं सांगितलं: तारखा, धुळ्याचा दवाखाना, पारोळ्याचा पत्ता. कुंदननं मोबाईलवर नोंद शोधून काढली, वाचली, मोबाईल उलटा ठेवला. तो चिडेल, ओरडेल असं वाटलं होतं. ‘‘सर, मी विचारलं होतं,’’ एवढंच तो म्हणाला. ‘‘चौथा प्रश्न तोच होता.’’ मग त्यानं नवा कागद ओढला. ‘‘तिच्याभोवतीची यादी झाली. आता तुमच्याभोवतीची करायची. जूनपासून किती वर्गांना शिकवलं?’’

‘‘तीन.’’

‘‘सांगा नावं.’’

तिन्ही वर्गांची तपासणी झाली. त्यात आणखी एक निघाला, प्रथम वर्षाचा भाईदास म्हणून. महिनाभर खोकत होता आणि थंडी बाधली म्हणून आलं घालून चहा पीत होता. वेळेत सापडला, कुंदन म्हणाला, पण हे वाक्य त्यानं अभिमनकडे न बघता म्हटलं. कोणाचा कोणाला झाला हे सांगता येत नाही, असंही तोच म्हणाला. प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि पुन्हा हात जोडले. ‘‘बोरसे सर, हे बाहेर गेलं तर उद्या दारात पालक उभे राहतील. तुम्ही तब्येतीचं कारण देऊन घरी थांबा. आम्ही काही लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका.’’ अभिमन म्हणाला, मी थांबतो, शीतलला बोलवा. नाहीतर मी लिहितो. प्राचार्यांना तो धमकी देतोय असं वाटलं असावं; त्याला स्वतःला तो एखादं परिपत्रक वाचून दाखवतोय असं वाटलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुंदनचं पत्र जोडून शीतलला वसतिगृहात परत घेतलं. खोली वेगळी दिली, कोपऱ्यातली. अभिमनच्या जागी धुळ्याहून एक नवे सर आले. मोहिनीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, ‘‘आईंना काय सांगायचं?’’ त्यानं पारोळ्याला जाऊन स्वतः सांगितलं. आई उठून त्याच्याच ताटात आपली भाकर कुस्करून घेऊन बसली. तरीही आत काही हललं नाही. दूध पचलं की नाही हे जसं कळत नाही तसं ते आत कुठेतरी गेलं.

जानेवारीत शीतलचा फोन आला. नंबर त्याच्याकडे नव्हता, पण आवाज कळला. ‘‘सर, जर्नलवर तुमच्या सह्या राहिल्यात. नवे सर म्हणतात, जुलै-ऑगस्टचे प्रयोग ज्यांनी घेतले त्यांचीच सही पाहिजे. तुम्ही याल का?’’ नमस्कार नाही, कसे आहात नाही. तो गेला. शनिवारची दुपार होती, प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. शीतल दारात उभी होती, मास्क नव्हता. गाल भरले होते. तिनं त्याला आत जाऊ दिलं, जर्नल आणि पेन त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं, आणि ती बसली नाही. ती खिडक्यांकडे गेली. पहिली उघडली, दुसरी उघडली. तिसरीची कडी गंजली होती, ती तिनं तळहातानं ठोकून ठोकून काढली. बाहेर गार वारा होता. टेबलावरचे कागद उडायला लागले आणि त्यानं ते हातानं दाबून धरले.

‘‘आता माझ्यापासून कुणाला होत नाही,’’ ती चौथ्या खिडकीपाशी उभी राहून म्हणाली. ‘‘तुमच्यापासून पण नाही. मी कुंदन सरांना विचारलं.’’

‘‘हो.’’

‘‘तरी असू द्या उघड्या.’’

मग ती येऊन समोरच्या स्टुलावर बसली, जर्नल त्याच्याकडे फिरवलं, आणि जुलैचं पहिलं पान उघडून सहीची जागा बोटानं दाखवली.